न तोललेला वाटा

दोरीवर, तिच्या ऑफिसच्या निळ्या शर्टाच्या आणि उशीच्या अभ्र्याच्या मधोमध, ऑक्टोपस वाळत होता. नझीहा टॉवेल घ्यायला म्हणून बाल्कनीत आली आणि ओले केस तसेच गळत ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. पाय नीट पसरलेले, आवळून येऊ नयेत म्हणून मध्ये वेताची काडी आडवी घातलेली, डोक्याला कपड्यांचे दोन चिमटे, एक लाल, एक पिवळा. खाली रस्त्यावर एका टेम्पोने कुणाचा तरी आरसा उडवला होता आणि सफाक्स शहराची नेहमीची सकाळ चालली होती, हॉर्न, शिव्या, मध्येच एखादा दुकानाचं शटर वर ढकलणारा. समुद्र इथून दिसत नाही. पण समुद्राचा वास चौथ्या मजल्यावर चढून येऊन तिच्या शर्टाला लागला होता, आणि तो शर्ट तिला आज घालायचा होता.

म्हणजे पहाटेपासून बाथरूममध्ये जे धप् धप् चाललं होतं ते हे. तिला झोपेत वाटलं होतं, वरच्या मजल्यावर कुणी फरशी फोडतंय. आई ऑक्टोपस आपटत होती. त्यांच्या केरकेनाच्या बेटावर तो खडकावर आपटतात, मऊ होईपर्यंत. इथे खडक नाही म्हणून नझीहाने हौसेने बसवून घेतलेल्या फिकट हिरव्या फरशीवर. तीन आठवड्यांपूर्वी आई गुडघ्यांच्या उपचारासाठी म्हणून आली, आणि गुडघे सोडून घरातल्या प्रत्येक गोष्टीवर उपचार करून झाले होते. कॉफीची भांडी हलवली, पडदे उलटे लावले, आणि खालच्या मादाम जलीलाशी तर मैत्रीच केली, जिच्याशी नझीहा बारा वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. मादाम जलीलाच्या कुंड्यांवर आत्ता त्या ऑक्टोपसचं पाणी ठिबकत होतं. इतर कुणाच्या कपड्यांचं पाणी ठिबकलं असतं तर तिने इमारत डोक्यावर घेतली असती. आज गप्प होती. तिलाही वाटा मिळणार असणार, दुसरं काय.

"उम्मी, हे दोरीवर काय आहे?"

"ऑक्टोपस," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढं शिकलीस, तेवढं तरी ओळखू येईल असं वाटलं होतं."

"किलोच्या आतला आहे. अर्ध्या किलोचाही नसेल. हा पकडायला बंदी आहे."

"मी कुठे पकडला? नजीबने पाठवला. कालच्या फेरीबोटीने."

"मग नजीबने का पकडला?"

"त्यानेही नाही पकडला," आई बाहेर येत म्हणाली, जणू मुलीला आता अ-आ पासून शिकवायला हवं. "घरचा आहे तो."

किलोच्या आतला नको, हा नियम ज्या समितीने केला तिच्यात नझीहा होती. त्या नियमाचं चित्र, ऑक्टोपस आणि शेजारी तराजू, बेटाच्या धक्क्यावर लावलंय आणि नजीब, तिचा चुलतभाऊ, रोज त्याच चित्राला सायकल टेकवून ठेवतो. ती आत गेली, केस पुसले, परत आली. ऑक्टोपस तिथेच होता. आज तीन वाजता गव्हर्नरच्या कचेरीत बैठक होती आणि यंदा ऑक्टोपसची मासेमारी कधी बंद करायची ते तिथे ठरणार होतं, म्हणजे नझीहाच्या मॉडेलवरून ठरणार होतं, म्हणजे नझीहावर. आणि नझीहा निळ्या शर्टाचा वास घेत उभी होती.

मॉडेल हा शब्द उच्चारला की लोकांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट प्रकारची झोप येते, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. तरी ती सांगायची. समुद्रात किती आहेत ते कुणी मोजू शकत नाही, म्हणून बाहेर किती आले त्यावरून आत किती असतील याचं गणित मांडायचं. नवे किती जन्मले, किती वाढले, किती धरले गेले, किती आपले आपण मेले. धरलेले लिलावात तोलले जातात, तो आकडा असतो. बाकीचं समीकरणाने काढायचं. आणि दरवर्षी, हल्ली हिवाळ्याच्या शेवटाला, तिच्या समीकरणातून पुष्कळ ऑक्टोपस नाहीसे व्हायचे. लिलावात आलेले नाहीत, उरलेही नाहीत. गेले. सुरुवातीच्या वर्षांत ती यावरून रात्ररात्र कुढली होती, संगणकाला शिव्या घातल्या होत्या, गणित मुळापासून तपासलं होतं. गणित बरोबर होतं. शेवटी, अशा वेळी सगळे जे करतात तेच तिने केलं. नाहीसे झालेले सगळे एका रकान्यात टाकले आणि त्यावर लिहिलं, नैसर्गिक मर. रोगाने, उपाशी राहून, मोठ्या माशांच्या तोंडी. रकाना भरला की हिशेब जुळतो आणि माणसाला झोप लागते. आणि एकदा एवढी मर नैसर्गिक आहे असं धरलं की पुढचं सरळ होतं. जे आपले आपण मरणारच आहेत ते धरले म्हणून काय बिघडतं? मासेमारी पंधरा मेपर्यंत खुशाल चालू द्या. मॉडेल हेच सांगायचं. समुद्र श्रीमंत आहे, काळजी नको. पण लिलावात येणारे ऑक्टोपस मात्र दर वर्षी कमी कमी, आणि बेटावरची माणसं तिच्याकडे बघायची ती, ही बाई आपल्या हमीदची मुलगी असून अशी कशी, या नजरेने.

फोन वाजला. सी लसाद, म्हणजे लसादसाहेब, तिच्या मत्स्य-संस्थेचा प्रमुख. सज्जन माणूस, पण त्याच्या सज्जनपणाचासुद्धा तिला वैताग आला होता, कारण तो नेहमी दोन माणसांच्या मध्ये उभा असायचा आणि दोघांचंही पटायचं त्याला. गव्हर्नरसाहेबांना आलेख नको आहेत, तो म्हणाला. तारखांचा पट्टा नको, शक्यता नको, मागच्यासारखं 'बहुधा' तर अजिबात नको. एकच तारीख हवी. ती म्हणाली, समुद्राला तारखा ठाऊक नसतात. तो म्हणाला, समुद्राला नसतील, पण गस्तीच्या पोलिसांना ठाऊक असाव्या लागतात, आणि मग नेहमीप्रमाणे आवाज उतरवून, तर पंधरा मेच धरायची ना, दरवर्षीसारखी? ती म्हणाली, तीनला येते, तेव्हा सांगते. एकच तारीख. मंत्रालयाला एक तारीख हवी, बेटाला एक तारीख हवी, परदेशातून दोन वर्षं येऊन राहिलेल्या एका उत्साही पाहुण्या शास्त्रज्ञालाही एक तारीख हवी होती, कुठल्यातरी निबंधात घालायला. सगळी दुनिया तिच्यापुढे हात पसरून उभी, आणि घरात आई गॅसवर जव भाजायला घेते आहे. भाजलेल्या जवाचा वास आला आणि नझीहा, नको असताना, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रमजानच्या सूपला आत्तापासून कशाला?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. भांडण लांबवायचं होतं, एवढंच.

"आत्तापासून? उशीरच झालाय," आई कढईतून मान वर न करता म्हणाली. "रमजान काय तुझ्यासाठी थांबतो? दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मग वाळवणही तेवढंच अलीकडे. आणि या दिवसांत ऑक्टोपस असे इवलेसे असतात, एकाने काय होतंय, चार घालावे लागतात तेव्हा कुठे चव लागते. तू लहान होतीस तेव्हा रमजान ऐन उन्हाळ्यात यायचा. वसंतातले मोठ्ठाले वाळवायचो. एक दोन घरांना पुरायचा. आता कुठले तसे."

दहा-अकरा दिवस. नझीहा खुर्चीत बसली. तिने खुर्ची ओढलेली तिला आठवत नव्हती. तिच्या मॉडेलमधली मर दरवर्षी थोडी अलीकडे सरकत होती. वर्षाला सुमारे अकरा दिवस. हे तिने शोधून काढलं होतं. हा तिचा शोध होता. समुद्र तापतोय, म्हणून हंगाम अलीकडे येतोय, म्हणून ऑक्टोपस लवकर मरतायत, असं तिने लिहिलं होतं, पाण्याच्या तापमानाचे आकडे शेजारी ठेवून, आणि समुद्र खरोखरच तापत असल्यामुळे ते आकडे मुकाट्याने जुळलेही होते. परदेशातल्या परिषदेत माणसं उठून तिच्याशी हात मिळवायला आली होती. एका वयस्कर प्राध्यापकाने विचारलंसुद्धा, इतकं नियमित कसं काय सरकतं, निसर्ग इतका काटेकोर नसतो. तिने तापमानाचं उत्तर दिलं आणि तो पटल्यासारखी मान हलवून बसला. त्या रात्री हॉटेलात तिने रोजा सोडला होता, कारण रमजान चालू होता. एकटीने, खजूर आणि नळाचं पाणी. भिंतीवर रोजाच्या वेळांचा कागद तिनेच चिकटवला होता, आणि टेबलावर तिच्या आलेखांचा गठ्ठा होता, आणि दोन्ही एकाच खोलीत रात्रभर शेजारी शेजारी पडून होते. गाढव. तिने मनात स्वतःला आणखीही काही म्हटलं, जे आईसमोर बोलता आलं नसतं.

हसू यावं असंच होतं. हसू आलं नाही. संतापच आला, आणि तो नेमका कुणाचा ते ठरेना. आईचा? आई आयुष्यभर हेच करत आली होती, उघड्यावर, उन्हात, दोरीला लटकवून, यापेक्षा उघड आणखी काय करायचं? नजीबचा? नजीबच्या घरी ती स्वतः गेली होती, सर्वेक्षणाचे प्रश्न घेऊन. विकले किती, फेकून दिले किती, जाळ्यातून सुटले किती. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. घरी किती नेले, हा प्रश्न तिने घातलाच नव्हता. विसरून नव्हे. बेटावरच्या माणसाला तो प्रश्न विचारत नाहीत, म्हणून. तिच्याबरोबर आलेल्या त्या पाहुण्याने बेधडक विचारला असता, पण त्याला घरचा वाटा म्हणून काही असतो हेच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त तिला, आणि तिला न विचारण्याची रीत होती.

ती रीत तिला कशी लागली तेही आता समोर येऊन उभं राहिलं, न बोलावता. धक्का, ओल्या दोरांचा वास, लिलावाचा तो मोठा लोखंडी काटा. तिला त्या काट्याचं भारी वेड होतं. काहीही दिसलं की तोलायची, स्वतःच्या चपला, मांजर, भावाची टोपी. बाबा होडीतून उतरले. त्यांची मडकी दोरावर ओळीने बुडवलेली असायची. ऑक्टोपस निवारा समजून त्यात शिरतो आणि बसतो, बिचारा. बाबांच्या पहिल्या मडक्यांतलं जे निघेल ते खजुरीच्या टोपलीत, वर ओलं फडकं, कुणाची नजर लागू नये म्हणून. ती टोपली घरची. टोपली नझीहाच्या हातात होती, आणि काटा रिकामा होता. तिने टोपली काट्यावर ठेवली. कारकुनाने, चेष्टेत असेल, वजन मोठ्याने पुकारलं. बाबा थांबले. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही. बरं, म्हणाले, आणि टोपलीतलं सगळं लिलावाच्या ढिगात ओतलं, टोपली झटकली आणि रिकामी तिच्या हातात दिली. घराकडे जाताना वाटेत एवढंच बोलले, तोललं ते बाजाराचं होतं. घरच्याला काटा लावायचा नसतो, बरकत जाते. आईने काही विचारलं नाही. रात्री सूपमध्ये ऑक्टोपसऐवजी वाल होते. त्यानंतर नझीहाने जगातलं पुष्कळ काही तोललं, मोजलं, समीकरणात बसवलं, तोच तिचा धंदा झाला, पण ती टोपली मात्र काट्यावर कधी ठेवली नाही. तिच्यावर नैसर्गिक मर या नावाचं फडकं टाकलं.

तर आता काय? ती उठून पुन्हा बाल्कनीत गेली. ऊन दोरीवर आलं होतं आणि ऑक्टोपसच्या पायांची टोकं आवळायला लागली होती. बोललं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. पंधरा मे म्हणायचं, सही करायची, सी लसाद सुटकेचा श्वास टाकेल. पण मर नैसर्गिक नाही म्हटलं की सगळा हिशेब उलटा फिरतो. समुद्र श्रीमंत नाही, कधीच नव्हता. जे आपले आपण मरतात असं आपण धरलं ते जगले असते, वाढले असते, अंडी घातली असती. आणि रमजान सरकत सरकत अजून अलीकडे, थेट शरदात जाणार, जेव्हा ऑक्टोपस मुठीएवढे असतात, म्हणजे त्याच सूपला आणखी किती लागणार. समुद्रातलं काहीही तिला आजवर नक्की सांगता आलं नव्हतं. पुढच्या तीस वर्षांचा रमजान मात्र आत्ता, या बाल्कनीतून, दिवसासकट सांगता येत होता. काही वर्षांत बेटाभोवती मडक्यांत पाणीच निघेल. हे आता तिला दिसत होतं आणि न दिसल्यासारखं करता येणार नव्हतं. आणि बोललं, तर? मासेमारी मार्चअखेर बंद, आणि घरचा वाटाही हिशेबात धरा, असं तिने म्हणायचं, आणि मग गस्तवाले घराघरांच्या गच्चीवर चढणार, दोऱ्या बघत. बायकांना दंड. बेटावर कुणी म्हणणार नाही की समुद्र वाचवला. म्हणतील, हमीदच्या मुलीने आमच्या ताटाला काटा लावला. खरंच तर असेल ते.

ती आत आली. "उम्मी, एका घराला रमजानला किती लागतात?"

आईने जवाची कढई खाली उतरवली. "लागतात तेवढे लागतात."

"अंदाजे."

"तुझे बाबा असते तर हे विचारलं असतंस?"

नझीहाने नसतंच विचारलं. ती बाल्कनीत गेली, लाल चिमटा काढला, पिवळा काढला. ऑक्टोपस थंड आणि जरासा चिकट होता, आणि हातात घेतल्यावर आणखीच लहान वाटला. ओट्यावर केकच्या रव्यासाठी घेतलेला तिचा छोटा काटा होता, पांढरा, काचेचा. आईने बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

"नझीहा. नको." आवाज चढला नाही.

तिने ऑक्टोपस काट्यावर ठेवला. आकडे थोडे नाचले आणि थांबले. चारशे दहा ग्रॅम. तिने तो मोठ्याने वाचला नाही, पण काटा उजळ होता आणि आईला वाचता येत होतं. आईने ओढणी पुढे घेतली. बराच वेळ कढईतले जव तडतडत राहिले, आच बंद केल्यावरही राहतात तसे.

"आता हा आपला राहिला नाही," आई म्हणाली.

"हो, उम्मी. माहीत आहे." आणि नझीहाला रडू आलं, काही कारण नसताना, म्हणजे कारण पुष्कळ असताना, आणि त्याचाही तिला रागच आला. तिने नाक पुसलं आणि फोन लावला. सी लसाद, ती म्हणाली, तारीख मार्चअखेर. त्याने विचारलं, कुठल्या वर्षाची. ती म्हणाली, यंदाची, आणि नैसर्गिक मरीचा रकाना चुकीचा आहे, पहिल्यापासून, तापमानाचा निबंधही चुकीचा आहे. ते मरत नाहीत. ते आपण रमजानसाठी वाळवतो. आकडा मोजावा लागेल, घरोघर, पण पोलिसांनी नाही. मी जाईन. तुम्ही बैठकीत एवढंच मागून घ्या, की पहिलं वर्ष कुणाला दंड नको. सी लसादची बायको बेटाच्या दक्षिण टोकाची, हे तिला तेव्हा आठवलं.

"आमच्या गच्चीवरही आहेत, मादाम," तो म्हणाला. "मी रोज त्यांच्या खालून कार काढतो." मग घसा खाकरून, ऑफिसच्या आवाजात, मार्चअखेर लिहून घेतो म्हणाला.

तिने फोन ठेवला तेव्हा आई स्वयंपाकघरात नव्हती. आतल्या खोलीतून कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला, रजयांचं कपाट. गेले पंधरा दिवस त्या रजयांना खारट वास येत होता आणि नझीहा भिंतीत ओल आली म्हणून गवंड्याला फोन करत होती. आई गुडघ्यावर एक हात दाबत, दुसऱ्याने कापडी पिशव्या छातीशी धरून आली आणि त्या एकेक करून ओट्यावर ठेवल्या, काट्याच्या शेजारी. त्या दोनचार नव्हत्या, आणि सगळ्यांत वाळवलेले ऑक्टोपस होते. प्रत्येकीच्या तोंडाला वेगळ्या रंगाचा दोरा होता, एक एक घर, शहरात राहणाऱ्या मावशीचं, नजीबच्या बहिणीचं, मादाम जलीलाचं, आणखी कुणाकुणाचं.

"लावायचाच काटा तर सगळ्यांना लाव," आई म्हणाली. "एकट्या माझ्या घराला नको. आणि आकडा मनात वाच. मी तोवर पलीकडे बसते."

तिने जाताना दार ओढून घेतलं. नझीहाने सगळ्यात जवळची पिशवी पुढे घेतली आणि गाठ सोडायला लागली. गाठ आईची होती, पक्की, आणि ओल्या हाताने सुटत नव्हती.